अरोस्टो आणि एचआयव्ही : दार-ए-सलाममधील हेरॉइनग्रस्त तरुणांचे प्रकरण

फेब्रुवारी 2011 मध्ये टांझानियातील दार-ए-सलाम शहरात, मुहिंबिली राष्ट्रीय रुग्णालयात, हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या रुग्णांना रोज मेथाडोन हे हेरॉइनऐवजी घ्यायचे औषध देण्यास सुरुवात झाली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर सरकारने सार्वजनिक रुग्णालयात एवढ्या प्रमाणावर हाती घेतलेला असा हा पहिलाच उपक्रम होता. त्यामागे व्यसनमुक्तीची कळकळ होतीच, पण सरकारला आणि परदेशी देणगीदारांना हलवले ते एचआयव्हीच्या आकड्यांनी. 2000 च्या दशकाच्या मध्यावर शहरातील किनोंडोनी भागात इंजेक्शनने हेरॉइन घेणाऱ्या पाचशेहून अधिक व्यक्तींची रक्ततपासणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे 42 टक्के व्यक्तींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक होते. त्याच सुमारास, 2003-04 च्या राष्ट्रीय पाहणीत टांझानियातील प्रौढांमधील लागणीचे प्रमाण 7 टक्के होते. एकाच शहरात, एकाच पिढीत एवढे अंतर कसे पडले, आणि मेथाडोन सुरू झाल्यावर त्यातले काय बदलले व काय तसेच राहिले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आफ्रिकेतील तरुण, अमली पदार्थ आणि एचआयव्ही यांविषयी लिहिताना ‘नशेमुळे संयम सुटतो आणि त्यातून रोग पसरतो’ एवढेच सांगून थांबण्याची पद्धत आहे. दारू किंवा गांजाच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही, परंतु दार-ए-सलाममध्ये जे घडले त्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. तेथे व्यसन आणि विषाणू यांना जोडणारा दुवा नशा हा नव्हता. नशा उतरल्यानंतर शरीराची जी अवस्था होते, जिला तेथील व्यसनी ‘अरोस्टो’ म्हणतात आणि मुंबई-पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रांत जिला ‘टर्की’ म्हणतात, ती हा दुवा होती. हे प्रकरण मी त्याच अंगाने मांडत आहे.

पांढरी पावडर येते

अफगाणिस्तानात पिकणाऱ्या अफूपासून तयार झालेले हेरॉइन पाकिस्तान आणि इराणच्या मकरान किनाऱ्यावरून लाकडी गलबतांतून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत उतरते आणि तेथून युरोपकडे व दक्षिण आफ्रिकेकडे जाते. अमली पदार्थांच्या तस्करीचे अभ्यासक याला दक्षिणेचा मार्ग म्हणतात. त्यावरून किती माल जात असावा याचा अंदाज एका घटनेवरून येतो. एप्रिल 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलाच्या ‘डार्विन’ या युद्धनौकेने केनियाच्या किनाऱ्याजवळ एका गलबतावरून एका वेळी 1,032 किलो हेरॉइन जप्त केले होते. माल जिथून पुढे जातो तिथे त्यातला काही भाग सांडतोच. हाताखाली काम करणाऱ्यांना मजुरी म्हणून मालच दिला जातो आणि तो स्थानिक बाजारात विकला जातो. मोंबासा, झांझिबार, टांगा, दार-ए-सलाम या बंदरांच्या शहरांत हेरॉइन रुजले ते असे.

1980 आणि 1990 च्या दशकांत दार-ए-सलाममध्ये मिळणारे हेरॉइन बहुतांशी तपकिरी होते. ते पाण्यात सहज विरघळत नाही. त्यासाठी आम्ल आणि उष्णता लागते. त्यामुळे ते ओढले जाई, बहुधा गांजात किंवा तंबाखूत मिसळून केलेल्या ‘कोकटेली’ नावाच्या सिगारेटीतून. मुंबईत 1980 च्या दशकात जे गर्द पसरले तेही याच जातीचे, आणि तेथेही बहुसंख्य गर्दुल्ले ते चांदीच्या कागदावर तापवून त्याचा धूर ओढत असत. ओढण्याने व्यसन लागते, फुफ्फुसे बिघडतात, घर उद्ध्वस्त होते. पण रक्ताचा रक्ताशी संबंध येत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस दार-ए-सलामच्या बाजारात पांढरे हेरॉइन आले. ते थंड पाण्यातही विरघळते. थोडी पावडर, थोडे पाणी आणि एक सिरिंज एवढ्यावर काम भागू लागले. शिवाय ओढताना जो माल धुरात वाया जातो तो इंजेक्शनमध्ये वाया जात नाही, म्हणून ज्याच्याकडे पैसे कमी त्याला इंजेक्शन अधिक परवडते. काही वर्षांतच तरुणांच्या बैठकीच्या जागी सुया दिसू लागल्या.

या जागांना शहरात ‘मास्कानी’ म्हणतात, आणि भाड्याच्या खोलीत असतील तर ‘मागेतो’. मान्झेसे, म्वानान्यामाला, मागोमेनी अशा दाट वस्त्यांतील बेकार किंवा रोजंदारीवर जगणारी मुले तिथे दिवस काढत. कोणी दालादालावर, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसवर, कंडक्टरची कामे करी, कोणी गाड्या धुई, कोणी भंगार गोळा करी. हेरॉइनला ते ‘उंगा’ म्हणत, म्हणजे पीठ. छोट्या पुडीला ‘केते’. आणि व्यसनात पूर्ण बुडालेल्यांना लोक ‘माटेजा’ म्हणत. पहिली कोकटेली बहुतेकांनी किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीच्या सुरुवातीला, मित्रांच्या संगतीत ओढली होती. सुईपर्यंत पोहोचायला त्यांना काही वर्षे लागली, आणि ही मधली वर्षे पुढे महत्त्वाची ठरतात.

अरोस्टोचे वेळापत्रक

हेरॉइनचा परिणाम काही तासच टिकतो. व्यसन मुरलेल्या शरीरात शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा तासांत अरोस्टो सुरू होतो: नाक-डोळे वाहणे, जांभया, पोटात कळा, जुलाब, उलट्या, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी, घाम, थंडी आणि झोप पूर्ण उडणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला पोहोचतो. निरोगी प्रौढ माणूस सहसा त्याने मरत नाही, परंतु तो सोसणाऱ्याला त्या वेळी दुसरे काहीही सुचत नाही. म्हणून व्यसनी माणसाचा दिवस तीन-चार डोसांभोवती बांधलेला असतो. काही वर्षांनंतर त्याला आनंदासाठी हेरॉइन लागत नाही. माणसात राहण्यासाठी, म्हणजे उभे राहून काम किंवा चोरी करता येण्यासाठी, ते लागते.

आता सिरिंजकडे पाहू. टांझानियात औषधाच्या दुकानात सिरिंज विकत मिळत होती आणि महागही नव्हती. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की मग ही मुले एकमेकांची सुई का वापरत होती? याचे उत्तर अरोस्टोच्या घड्याळात आहे. पहाटे चार वाजता कळा सुरू झाल्या, जवळ पुडी आहे, दुकान बंद आहे, आणि बाजूच्या मुलाकडे वापरलेली सिरिंज आहे. अशा वेळी ती न वापरण्याचा निर्णय घेण्याइतका वेळ त्या शरीराकडे नसतो. दिवसा दुकान उघडे असले तरी खिशात सिरिंज सापडली की पोलीस तो पुरावा मानतात ही भीती होती, म्हणून सिरिंज जवळ बाळगण्यापेक्षा ती मागेतोतच कुठेतरी खोचून ठेवणे सुरक्षित वाटे, आणि तिथे ठेवलेली सिरिंज सर्वांचीच होई. तिसरे कारण पैशाचे होते. दोघा-तिघांनी मिळून एक केते घेतली की ती एकाच सिरिंजमध्ये ओढून वाटून घेणे हा समान वाटणीचा सर्वांत सोपा मार्ग होता, कारण सिरिंजवर मापाच्या रेषा असतात. सिरिंज हातोहात फिरे आणि प्रत्येक जण आपल्या रेषेपर्यंत टोची.

वापरलेल्या सुईतून एचआयव्ही जाण्याची शक्यता दर 10,000 वेळांमागे सुमारे 63 मानली जाते. एका वेळेपुरता हा आकडा लहान वाटतो, आणि ‘मला इतके दिवस काही झाले नाही’ असे तरुणांना वाटण्याचे कारणही तेच आहे. परंतु दिवसाला तीन वेळा, वर्षानुवर्षे, पाच-सहा जणांच्या गटात सुया फिरत असतील आणि त्या गटातील एकाला नुकतीच लागण झालेली असेल, तर हिशेब पार बदलतो. नव्या लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार जास्त असते आणि नेमक्या त्याच काळात साधी प्रतिपिंड चाचणी लागण नाही असे दाखवू शकते. सिरिंजच्या पोकळीत अडकलेल्या थेंबभर रक्तात हा विषाणू अनेक दिवस टिकून राहू शकतो हे प्रयोगशाळांत दिसून आलेले आहे. यकृताला इजा करणारा हेपॅटायटिस सी याहूनही सहज पसरतो.

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट 2005 मध्ये जगासमोर आली. दार-ए-सलाममध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका पत्रात ‘फ्लॅशब्लड’ नावाच्या प्रथेची नोंद केली. एक स्त्री हेरॉइन टोचून घेतल्यावर लगेच आपल्याच शिरेतून सिरिंज भरून रक्त परत ओढते आणि ते जवळच्या, पैसे नसलेल्या मैत्रिणीला टोचण्यासाठी देते. त्या रक्तात थोडे तरी हेरॉइन असेल आणि त्याने मैत्रिणीचा अरोस्टो टळेल, अशी समजूत होती. शरीरातील साधारण पाच लिटर रक्तात मिसळलेला डोस सिरिंजभर रक्तात किती उरणार? जवळजवळ काहीच नाही. विषाणू मात्र पूर्णपणे पोहोचतो. एचआयव्हीबाधित रक्त चढवल्यास लागण होण्याची शक्यता दर 10,000 मध्ये 9,250 एवढी मानली जाते, आणि फ्लॅशब्लड हे सुई वाटून घेण्यापेक्षा रक्त चढवण्याच्याच अधिक जवळचे आहे. ही प्रथा सर्वत्र पसरलेली नव्हती, ती एका लहान गटात होती, हे स्पष्ट सांगायला हवे. वृत्तपत्रांनी पुढे तिला जे भडक रूप दिले त्याने व्यसनी स्त्रियांविषयीची घृणाच वाढली. मला त्या प्रथेत वेडेपणा दिसत नाही. अरोस्टोत तळमळणाऱ्या मैत्रिणीला आपल्याजवळचे जे होते ते देण्याची ती धडपड होती, आणि अरोस्टो माणसाला कोणत्या टोकापर्यंत नेतो याचा तिच्याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

स्त्रियांची वेगळी वाट

किनोंडोनीतील आकड्यांत स्त्रियांचे प्रमाण एवढे जास्त का होते, याची किमान तीन कारणे एकमेकांत गुंतलेली होती. हेरॉइन वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया देहविक्रय करून डोसाचे पैसे मिळवत होत्या, आणि अरोस्टो जवळ आला की कंडोमसाठी हट्ट धरण्याची त्यांची ताकद संपत असे. अनेकींना पहिले इंजेक्शन प्रियकराने किंवा सोबतच्या पुरुषाने दिलेले होते, आणि पुढेही पुरुषाने आधी टोचून घ्यायचे, स्त्रीने त्याच सुईने नंतर, असा क्रम होता. वापरलेली सुई नेहमी नंतरच्याच्या वाट्याला येते. तिसरे कारण समाजाच्या नजरेचे आहे. माटेजा म्हणून ओळखला गेलेला मुलगा आईच्या अंगणात तरी झोपू शकत होता. मुलगी घरातून बाहेर पडली की तिच्यासाठी मागेतोखेरीज जागा नव्हती, आणि मागेतोतील जागेचे भाडे तिला शरीरानेच द्यावे लागे. त्यात पोलिसांची भीती, आणि चोरीच्या संशयावरून जमावाकडून होणाऱ्या मारहाणीचीही भीती. अशी स्त्री सरकारी रुग्णालयाच्या फाटकातून आपण होऊन आत येईल ही अपेक्षाच चुकीची होती, आणि पुढील काळात ते दिसून आले.

मुहिंबिलीची खिडकी

मेथाडोन हे स्वतः अफूवर्गीय औषध आहे. ते द्रवरूपात तोंडाने दिले जाते, शरीरात हळूहळू शिरते, आणि योग्य मात्रेत एकदा घेतले की चोवीस तासांहून अधिक काळ अरोस्टो येऊ देत नाही. त्याने झिंग चढत नाही, आणि मात्रा पुरेशी असेल तर वरून घेतलेल्या हेरॉइनचा परिणामही बोथट होतो. मुहिंबिलीत अवलंबलेली पद्धत अशी होती: वस्त्यांत काम करणाऱ्या स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते, ज्यांत पूर्वी व्यसनात असलेलेही होते, मास्कानींवर जाऊन तरुणांशी बोलत, इच्छुक व्यक्ती आधी त्या संस्थेच्या काही बैठकांना येई, मग रुग्णालयात तपासणी होई आणि कमी मात्रेने सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वाढवली जाई. औषध रोज खिडकीशी, परिचारिकेच्या किंवा औषधनिर्मात्याच्या देखत घ्यायचे. घरी न्यायला मिळत नसे. रविवार आणि सणाचे दिवसही त्याला अपवाद नव्हते, कारण अरोस्टोला सुटी नसते. मुहिंबिलीतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेसी म्ब्वाम्बो यांच्यासारख्या स्थानिक डॉक्टरांनी हे काम उभे केले. पैसा बहुतांशी अमेरिकेच्या ‘पेपफार’ या एड्सविषयक निधीतून आला. पुढे म्वानान्यामाला आणि टेमेके येथील रुग्णालयांतही केंद्रे निघाली, 2015 मध्ये झांझिबारला, आणि त्यानंतर देशातील इतर शहरांत.

मराठी वाचकाच्या मनात येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटली की 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण आठवते: काही आठवडे निवासी राहणे, टर्की सोसून पूर्ण बंद करणे, समुपदेशन, आणि नंतर पाठपुराव्याचे गट. एक नशा सोडवून दुसरी लावणे हा काय उपचार झाला, असा प्रश्न टांझानियातही विचारला गेला, मशिदींत, चर्चमध्ये आणि मंत्रालयातही. पूर्ण बंद करणारे मार्ग अनेकांना उपयोगी पडतात. झांझिबारमध्ये 2009 पासून निघालेल्या ‘सोबर हाउस’ या निवासी व्यसनमुक्ती घरांतून बरे होऊन बाहेर पडलेले तरुण पुढे इतरांना बाहेर काढण्याचे काम करतात. मात्र हेरॉइन पूर्ण बंद केलेल्यांपैकी मोठा भाग काही महिन्यांत पुन्हा त्याकडे वळतो हा जगभरचा अनुभव आहे, आणि एचआयव्हीच्या दृष्टीने पाहायचे तर त्या परतीच्या पहिल्याच आठवड्यात हाती पुन्हा कोणाची तरी सुई असते. मेथाडोन घेणारा माणूस व्यसनमुक्त झाला असे म्हणता येत नाही, पण त्याच्या दिवसातून अरोस्टो गेलेला असतो. पहाटे चार वाजता सुई शोधण्याचे कारणच त्याच्यापाशी उरत नाही. रोगाची साखळी तिथे तुटते, आणि ज्याला पुढे औषधही सोडायचे आहे तो ते जिवंत राहून, शांतपणे, मात्रा कमी करत करत सोडू शकतो.

उपचारातून अरोस्टो परत कसा शिरतो, हे या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखे आहे. त्या काळी टांझानियात एचआयव्हीच्या पहिल्या फळीच्या उपचारात एफाविरेन्झ किंवा नेविरापिन असे. ही दोन्ही औषधे यकृतातील अशा विकरांना चालना देतात जी मेथाडोनचे विघटन करतात. बाधित रुग्णाने एचआयव्हीची गोळी सुरू केली की आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्या रक्तातील मेथाडोनचे प्रमाण बरेच खाली येते, आणि कालपर्यंत ठीक असलेल्या माणसाला पहाटे पुन्हा घाम व कळा सुरू होतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हेच करते, आणि एचआयव्हीबाधितांत क्षय वारंवार आढळतो. रुग्णाला कारण सांगितलेले नसेल तर तो साधा निष्कर्ष काढतो की ही गोळी माझे औषध खाते. मग तो गोळी थांबवतो किंवा हेरॉइनकडे जातो, आणि दोन्हींचा शेवट एकच. उपाय अवघड नाही: गोळी सुरू करतानाच मेथाडोनची मात्रा वाढवत नेणे आणि रुग्णाला आधी सांगून ठेवणे. परंतु त्यासाठी एचआयव्हीचा दवाखाना आणि मेथाडोनची खिडकी एकमेकांशी बोलणारी असावी लागते. दोन्ही वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या वहीत असतील तर हे घडत नाही. म्हणूनच पुढे दार-ए-सलामच्या केंद्रांत एचआयव्हीची औषधे मेथाडोनच्याच खिडकीतून, त्याच वेळी देण्याचा प्रयोग झाला. रुग्ण रोज येतोच आहे, तर त्याच्या रोजच्या येण्यावर एचआयव्हीचा उपचारही चालू राहील, हा विचार त्यामागे होता. 2019 नंतर डोल्युटेग्राव्हिर या औषधाचा वापर वाढला आणि ते मेथाडोनच्या आड येत नसल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली. क्षयाच्या औषधाची अडचण राहिलीच.

पहिल्या दोन वर्षांत मुहिंबिलीत सहाशेहून अधिक रुग्ण दाखल झाले. उपचाराच्या एका वर्षानंतर त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक टिकून होते. ज्यांना पुरेशी मात्रा मिळत होती ते अधिक टिकले, कमी मात्रेवरचे गळाले. मात्रा कमी ठेवण्यात सावधपणा आहे असे मानणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे निरीक्षण लक्षात घ्यावे. गळण्याचे दुसरे मोठे कारण अंतर होते. रोज यायचे म्हणजे रोज दालादालाचे भाडे, रोज दोन-तीन तास, आणि जो हेरॉइन सोडून कामाला लागला त्याला सकाळी कामाच्या वेळीच खिडकीशी उभे राहणे. बरे होण्याची खूण म्हणजे नोकरी, आणि नोकरी मिळाली की औषध चुकणार, असा हा पेच होता. स्त्रियांविषयी आधी म्हटले ते येथे आकड्यांत दिसले: पहिल्या काळातील रुग्णांत दहांमागे एक स्त्रीही भरत नव्हती, जरी लागणीचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. दाखल झालेल्या स्त्रिया मात्र पुरुषांपेक्षा अधिक चिकाटीने टिकल्या. ज्यांच्यावर पूर्वी लैंगिक अत्याचार झाले होते अशा रुग्णांचे गळण्याचे प्रमाण सर्वाधिक होते, आणि मेथाडोनच्या खिडकीपाशी त्याविषयी बोलण्याची सोय नव्हती.

सुया, कायदा आणि शेजारची बेटे

मेथाडोनला जे मान्य झाले ते स्वच्छ सुयांच्या वाटपाला तेवढे कधीच मान्य झाले नाही. ‘मेदसाँ द्यु माँद’ या फ्रेंच संस्थेने टेमेकेमध्ये केंद्र काढून सुया देण्याचे आणि वापरलेल्या परत घेण्याचे काम केले, पण शहराच्या गरजेच्या मानाने ते लहान राहिले. अमेरिकी निधीतून सुया विकत घेण्यावर निर्बंध असल्याने ज्या हाताने मेथाडोन येत होते त्याच हाताने सुई येऊ शकत नव्हती. ज्याला अजून मेथाडोन नको आहे, किंवा ज्याचा अद्याप नंबर लागलेला नाही, त्याच्यासाठी नवी सुई हाच एकमेव बचाव असतो, आणि तो त्याला पुरेसा मिळाला नाही. कायद्याची दिशाही दुहेरी होती. 2015 च्या अमली पदार्थ नियंत्रण कायद्याने यंत्रणा कडक केली, 2017 मध्ये दार-ए-सलाममध्ये मोठी धरपकड झाली आणि संशयितांची नावे जाहीर केली गेली. मोठ्या तस्करांवर हात टाकणे योग्यच होते. पण बाजारात माल कमी होऊन पुडी महाग झाली की एका पुडीतील वाटेकरी वाढतात, आणि मास्कानीवर धाडी पडू लागल्या की मुले अशा ठिकाणी जातात जिथे कार्यकर्ता पोहोचत नाही.

सुया आणि मेथाडोन एकत्र दिल्यास काय होते हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस, जिथे मराठी भाषकांच्या पिढ्या नांदत आहेत, तिथे 2005 मध्ये नव्या एचआयव्ही लागणींपैकी तब्बल 92 टक्के इंजेक्शनच्या नशेतून झालेल्या होत्या. 2006 मध्ये त्या देशाने एचआयव्हीविषयक कायदा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मेथाडोन आणि सुयांची अदलाबदल दोन्ही सुरू केले. दशकभरात हे प्रमाण निम्म्याखाली आले. पुढे 2015 मध्ये तेथील सरकारने नव्या रुग्णांसाठी मेथाडोन काही काळ बंद ठेवले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे यश किती सहज मागे फिरवता येते हेही कळले. झांझिबारमध्ये सर्वसामान्य लोकांत लागण 1 टक्क्याहूनही कमी असताना 2007 च्या पाहणीत इंजेक्शन घेणाऱ्यांत ती सुमारे 16 टक्के होती. म्हणजे तिथे ही वाट साथीच्या मुख्य वाटांपैकी एक होती.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवसांसाठी स्थगित केली, तेव्हा जीवरक्षक एचआयव्ही औषधांना लवकर सूट मिळाली, पण प्रतिबंधाची बहुतेक कामे त्या सुटीत बसत नव्हती. जे औषध एक दिवस चुकले तरी दुसऱ्या सकाळी अरोस्टो घेऊन येते, त्याचा पुरवठा तीन महिन्यांच्या आढाव्यावर ठेवता येत नाही. टांझानियाने मेथाडोनची खरेदी आणि केंद्रांवरील कर्मचाऱ्यांचे पगार स्वतःच्या आरोग्य अंदाजपत्रकात, क्षयाच्या औषधांप्रमाणे कायम खर्च म्हणून घेणे हा यातला मला दिसणारा एकच मार्ग आहे.

तरुणांच्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत मोठी फट मात्र प्रवेशाच्या अटीत होती. मुहिंबिलीत आरंभी मेथाडोनसाठी अलीकडे इंजेक्शन घेत असल्याची खात्री पटवावी लागे, कारण निधी एचआयव्ही रोखण्यासाठी होता आणि ओढणाऱ्याला सुईचा धोका नव्हता. परिणाम असा की दाखल होणाऱ्यांचे वय तिशीच्या आसपास असे, आणि त्यांपैकी कित्येक जण येण्याआधीच बाधित झालेले असत. विसाव्या वर्षी कोकटेली ओढणारा, रोज सकाळी अरोस्टोने उठणारा, पण अजून सुईला न शिवलेला मुलगा त्या अटीनुसार पात्र ठरत नव्हता. तो पात्र होई तो पहिल्या इंजेक्शननंतर. पुढील वर्षांत ओढणाऱ्यांनाही घेण्यास सुरुवात झाली आहे. ओढण्यापासून टोचण्यापर्यंतची ती दोन-चार वर्षे पकडायची असतील तर कार्यकर्त्यांनी मास्कानीवर जाताना हातावरच्या खुणा शोधणे सोडून अरोस्टोविषयी विचारायला हवे, म्वानान्यामाला आणि टेमेकेसारखी केंद्रे प्रत्येक दाट वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवीत, मुलींसाठी वेगळी वेळ आणि स्त्री समुपदेशक हवी, आणि कामावर जाणाऱ्यासाठी खिडकी पहाटे उघडायला हवी.